पालखीच्या बोटीला रडार

येसाजीकाकांची बोट गावात आली तेव्हा तिच्यात पुढील वस्तू होत्या. लाइफ जॅकेट पाच, त्यातलं एक लहान मुलाचं. नांगर एक, दोराशिवाय. दोर एक, चांगला जाड, पण नांगराच्या कडीतून न जाणारा. गंजलेली शिट्टी. अर्धी संपलेली सनस्क्रीनची बाटली. एक डावी चप्पल. तळाला चार बोटं पाणी आणि पाण्यात एक जिवंत खेकडा. खेकडा मी दोनदा मोजला, कारण पहिल्या वेळी तो सीटखाली फिरत होता आणि मला दोन वाटले.

काकांनी मुंबईच्या गोदीत तीस वर्षं क्रेन चालवली. जन्मभर दुसऱ्यांच्या जहाजांवर माल चढवला, आता एक जहाज आपलं हवं, असं म्हणून त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टची ही अठरा फुटी फायबरची बोट उचलली. तिचं मूळ नाव ‘सनसेट क्वीन’. आमच्या तुडील गावात असलं नाव चालणार नाही म्हणून काकांनी त्यावर भगव्या रंगात ‘आई झोलाई प्रसन्न’ लिहून घेतलं. रंगाचा एकच हात दिल्यामुळे ऊन पडलं की आईच्या मागून क्वीन डोकावायची.

बोट हौसेची, असं काका सगळ्यांना सांगत. ते खरं नव्हतं. त्यांना मान हवा होता.

आमची झोलाई दरवर्षी माघात सावित्री नदीपलीकडे आपल्या बहिणीला, काळकाईला, भेटायला जाते. पूर्वी ती होडीनं जायची. पुढे होडीवाले मुंबईला गेले आणि होडी काठावर कुजली. तेव्हापासून पालखी रावजीतात्यांच्या टेम्पोतून, पुलावरून वळसा घालून जाते. जो पालखी नेतो त्याला पहिला नारळ, पहिला विडा आणि देवळाच्या दारात उभं राहून बाकीच्यांना “मागं सरा, मागं सरा” म्हणायचा हक्क मिळतो. या तिन्हींत तिसरा हक्क सर्वांत मोठा. रावजीतात्या तो अशा काही आवाजात बजावत की मागे कोणी नसलं तरी लोक सरत.

गावकीच्या बैठकीत काकांनी विषय काढला. आईनं पुन्हा पाण्यावरून जावं, तिची मूळची वाट ती. रावजीतात्यांनी आधी तंबाखू मळून घेतली.

“येसाजी, माघातलं धुकं विसरलास काय रे? सकाळी सोताचा हात दिसत नाय. आईला घेऊन कुठं जाशील, बाणकोटला, दर्यात?”

यावर बरीच चर्चा झाली आणि गावकीनं ठराव केला, की येसाजीनं धुक्यात दिसेल असं यंत्र बसवावं, मग पालखी बोटीतून. नाही बसवलं तर टेम्पो आहेच, आणि मग पुढे कधी हा विषय काढायचा नाही. “कधी” हा शब्द रावजीतात्यांनी आग्रहानं घालून घेतला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराबाहेर चहाचे कप गोळा करत होते.

“आमची दर्शू हाय ना. शास्त्र शिकलीय.”

मी प्रियदर्शिनी, काकांची पुतणी, भौतिकशास्त्रातली एम.एस्सी., महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. गावात माझी ओळख ‘पाणी तपासणारी’ एवढीच. लोक माझ्याकडे टीव्हीचे रिमोट, मिक्सर आणि एकदा एक आजारी कोंबडी घेऊन आलेले आहेत. रडार हा माझ्या शिक्षणाच्या जवळपास येणारा पहिलाच प्रश्न होता. मी तो मनावर घेतला, आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू झालं.

मी तक्ता केला. बाजारातली नऊ रडारं, प्रत्येकाचे अकरा गुण. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. रडार किती लांबचं बघतं याला सावित्रीत काही अर्थ नाही. आमच्या घाटापासून पलीकडच्या घाटापर्यंत तीनशे सतरा मीटर पाणी. वर-खाली बघावं तर पहिल्याच वळणावर डोंगर, आणि डोंगरापलीकडचं कुठलंच रडार बघत नाही. आपल्याला हवं ते जवळचं बघणारं. काही रडारांना नाकासमोरचे पन्नास मीटर दिसतच नाहीत. म्हणजे पलीकडचा घाट दिसेनासा झाला की समजायचं, आपण पोचलो आणि आता आपटणार. माझी निवड होती एक बुटका, पांढरा, घुमटासारखा डबा, जो सहा मीटरवरचंही दाखवतो.

ही निवड कोणालाच आवडली नाही.

“लांबचं किती दिसतं?” हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, चोवीस मैल. शेजारचे मोरूआजोबा हळहळले. त्यांच्या ऐकण्यात अठ्ठेचाळीसवालं होतं.

“मंग घ्यायचं तर त्येच घ्या. उद्या तळीयेवानी डोंगर हलला तर आधी कळंल.”

“आजोबा, डोंगर हलतोय ते यात कळत नाही.”

“मंग चोवीस मैल बघून करतंय काय ते?”

तेच तर मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

आनंदीकाकींची शंका वेगळी होती. रडाराच्या लाटा पोटात जातात का? मी सांगितलं, हे नव्या पद्धतीचं आहे, लाटा फार कमजोर. काकींनी ते ऐकून काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “म्हंजी यांच्यासारखंच. नुसतं फिरायचं.”

पण फिरणं हीच तर खरी अडचण होती. मुंबईच्या दुकानातला अश्विन नावाचा विक्रेता रोज काकांना फोन करायचा. त्यानं काकांच्या मोबाइलवर एका भल्यामोठ्या रडाराचा व्हिडिओ पाठवला. खांबावर आडवा दांडा, आणि तो गरगर फिरतोय. काकांनी तो गावभर दाखवला. माझ्या डब्यातही आत असाच दांडा फिरतो, फक्त तो झाकलेला असतो, हे मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावलं.

“झाकलेला फिरतोय हे लोकांना कळणार कसं?” काका म्हणाले. “हा तुझा भाताचा उलटा टोप. रावजी हसंल.”

“काका, तो मोठा दांडा चालवायला आपल्या बोटीची बॅटरी पुरणार नाही.”

“मंग जनरेटर घेऊ.”

“जनरेटर ठेवला तर पालखीला जागा नाही.”

काकांनी जनरेटरचा नाद सोडला. पण हरले नाहीत. ते गावकीकडे गेले आणि गावकीनं नेहमीप्रमाणे आईला विचारायचं ठरवलं.

कौल लावायची रीत अशी. ओल्या पाकळ्या देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धोंडू गुरवानं हात जोडले. “आई, फिरताना दिसणारं यंत्र घ्यायचं असंल तर उजवी दे.”

डावी पडली.

काका म्हणाले, “नीट समजावून सांग रे. आईला काय म्हायती रडार म्हंजी काय?”

धोंडूनं समजावून सांगितलं. दांडा, खांब, अठ्ठेचाळीस मैल, सगळं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. पुन्हा डावी पडली. मूर्तीच्या डाव्या बाजूला टेबलफॅन चालू होता हे मी बघितलं होतं. फॅन मी चालूच राहू दिला. निकाल माझ्या बाजूचा होता.

अशा रीतीनं डबा आला. डबा आल्यावर परवाना आला, म्हणजे आला नाही. रडार हवेत लाटा सोडतं, त्यामुळे परवानगी लागते, आणि त्यासाठी आधी बोटीची नोंद लागते, असं मला ज्या कार्यालयात कळलं तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, “रडार कशाला? कोणी हल्ला करतंय का?”

मी पालखीचं सांगितलं.

“बोट कसली? मासेमारी, प्रवासी का मालवाहू?”

“हौसेची.”

“हौसेला रकाना नाही. काय नेणार म्हणालात? देवी. मग देवी प्रवासी धरायची की माल?”

काका उठून उभे राहिले. “आमची आई माल?”

“म्हणजे प्रवासी,” साहेब शांतपणे लिहीत म्हणाले. “प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचं. आहे?”

मला लहान मुलाचं जॅकेट आठवलं. मी आहे म्हटलं. नोंद झाली. लाटांच्या परवान्यासाठी मात्र मला आणखी तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला साहेबांनी त्यांचा टीव्हीचा रिमोट आणला होता.

मग उंचीचं निघालं. रडार उंच हवं, सगळ्यांच्या डोक्यांवर, हे उघड आहे. मी बोटीवर आठ फुटी पाइप उभा करून त्यावर डबा बसवला. धोंडू गुरव बघायला आला आणि मान वर करून उभाच राहिला.

“ह्ये आईच्या वर?”

“हो, म्हणजे लांबचं—”

“आईच्या वर काय नको. सूर्य-चंद्र सोडून.”

पाइप कापला. आता डबा पालखीच्या कळसाच्या वीतभर खाली. शिवाय पालखी बोटीच्या पुढच्या टोकाला, कारण आई कोणाच्या मागे बसत नाही. याचा अर्थ रडार बरोबर पालखीच्या पाठीशी आलं. मला शंका आली. पण खरी पालखी भेटीच्या दिवसाआधी देवळाबाहेर निघत नाही, म्हणून मी काकींची कपड्यांची मोठी टोपली तितक्याच मापाची बघून पुढे ठेवली आणि चाचणी घेतली. पडद्यावर पलीकडचा काठ दिसला, घाट दिसला, पाण्यात बसलेली म्हैस दिसली. चाचणी उत्तम झाली असं मी गावकीला सांगितलं. टोपली प्लास्टिकची होती, आणि प्लास्टिकमधून रडाराला आरपार दिसतं. पालखीला चांदीचा पत्रा मढवलेला आहे. हे दोन्ही मला माहीत होतं. ते एकाच वेळी आठवलं नाही, एवढंच.

शेवटची अडचण मी स्वतः निघाले. पालखीच्या होडीत बाई बसत नाही. यंत्र बाईशिवाय कोणाला वाचता येत नाही. गावकी यावर दोन तास बसली. शेवटी आनंदीकाकी चहा घेऊन आल्या आणि ट्रे आपटून म्हणाल्या, “बाई चालत नाय? मंग पालखीत कोण बसतंय? बाप्या?”

चहा निमूटपणे घेतला गेला.

भेटीच्या दिवशी सकाळी धुकं असं होतं की घाटाची चौथी पायरी दिसत नव्हती. काका खुशीत होते. इतकं धुकं पडावं म्हणून त्यांनी वेगळा नारळ बोलला होता, असं मला नंतर कळलं. आईला जॅकेट घालण्यात आलं. केशरी रंग हिरव्या पैठणीवर बरा दिसत होता. पालखी टोकाला बसली, मागे धोंडू, एक ढोलवाला, शेपटीला काका इंजिनावर, आणि पडद्यासमोर मी. भरती नुकतीच पुरी झाली होती. रावजीतात्या घाटावर नव्हते. ते पहाटेच टेम्पो घेऊन पुलावरून पलीकडे गेले होते. आम्ही चुकून बाणकोटला गेलो तर कोणीतरी पलीकडे हजर असावं, असं सांगून गेले होते.

मी रडार चालू केलं. डावा काठ, उजवा काठ, मागचा घाट, सगळं स्वच्छ. बरोबर समोर, जिकडे जायचं तिकडे, काळी पाचर. आईची चांदी.

“काय दिसतंय?” काकांनी विचारलं.

“पुढचं सोडून सगळं.”

काकांनी इंजिनावरचा हात काढला. मी पर्याय सुचवला. बोट नागमोडी चालवायची, म्हणजे समोरचं अधूनमधून बाजूला येईल आणि दिसेल.

“आईला न्यायचीय, दारुड्याला नाय.”

दुसरा पर्याय एकच होता. मागचं स्वच्छ दिसत होतं. म्हणून मागे जायचं. बोट वळवायची आणि रिव्हर्सनं नदी ओलांडायची. हे मी इतक्या हळू आवाजात म्हटलं की ढोलवाल्यानं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं.

धोंडू म्हणाला, “मंग आईचं तोंड फिरलं ना. बहिणीकडं पाठ करून जाणार?”

“आईला फिरवून बसव,” काका म्हणाले.

“कौलाशिवाय?”

देऊळ वर गावात. धोंडू गेला, कौल लावला, उजवी मिळाली, आला. पैठणी, जॅकेट आणि मुखवटा यांसकट आईला फिरवणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. तोपर्यंत ओहोटी चांगली लागली होती. मला ते दिसत होतं, पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या. पण माझ्या सल्ल्याला त्या दिवशी फारसा भाव नव्हता.

आम्ही निघालो. अठरा फुटी बोट, शेपटीनं पुढे, तोंडानं मागे, टोकावर आई आमच्याकडे तोंड करून, केशरी जॅकेटमध्ये, आम्हा सगळ्यांकडे रोखून बघत. धोंडूला तिच्या नजरेला नजर देता येईना. तो ढोलाकडे बघत बसला.

पडदा मात्र उत्तम चालला होता. मधोमध गेल्यावर पलीकडच्या काठावर एक ठिपका उमटला. चिखल आणि झाडं अंधूक दिसत होती, हा ठिपका लखलखीत. चौकोनी, जाडजूड, लोखंडाचा.

“काका, तो घाट. थोडं डावीकडे. नाही, रिव्हर्समधलं डावीकडे.”

“त्ये काय चमकतंय?”

“बहुतेक रावजीतात्यांचा टेम्पो.”

काकांनी दात आवळले. पण दुसरं नेम धरण्यासारखं काही नव्हतं. ज्या माणसाचा मान काढून घ्यायला आम्ही निघालो होतो त्याच्याच टेम्पोवर नेम धरून आम्ही सरकत राहिलो. एकशे वीस मीटर. ऐंशी. पन्नास. आणि मग इंजिन घरघरलं, खोकलं आणि थांबलं. सरळ जाणाऱ्या बोटीचं इंजिन शेवटी चिखलाला लागतं. आमचं पुढे होतं. ते आधी लागलं.

धुक्यातून आवाज आला. “कोण हाय रे? आई का मासेवाले?”

मग ढोलवाल्यानं ढोल वाजवला.

रावजीतात्या हसले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. ते इतकंच म्हणाले, “दोर हाय काय?”

दोर होता. नांगराच्या कडीत न जाणारा. तो टेम्पोच्या हुकात मात्र बरोबर गेला. तात्यांनी पहिला गिअर टाकला, आणि झोलाई, काका, धोंडू, ढोल आणि मी चिखलावरून घसरत घाटाला लागलो.

इथं सगळं संपायला हवं होतं. पण एकदा वाहनावर बसलेली आई बहिणीच्या दारातच उतरते, मधे कुठं तिला उचलत नाहीत. पूर्वी हे सोपं होतं, काळकाईचं देऊळ घाटावरच होतं. मोठ्या पुरानंतर पलीकडच्यांनी ते उचलून वर शेतांच्या कडेला बांधलं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. टेम्पो दारापर्यंत जातो म्हणून कोणाला कधी विचार करावा लागला नव्हता. माझ्या तक्त्यात अकरा रकाने होते. बोट पाण्याबाहेर कशी चालेल, हा नव्हता.

काकांनी देवळाच्या दिशेनं बघितलं. तात्यांनी काकांकडे बघितलं. दोर अजून बांधलेलाच होता.

“ओढू काय?” तात्या म्हणाले.

काकांनी आधी दोराची गाठ तपासली, मग ‘हो’ म्हणाले.

दहिवरानं भिजलेल्या कापल्या शेतातून बोट टेम्पोमागे गेली. दोन्ही बाजूंनी पलीकडचं गाव धावत होतं, पोरं पुढं, बाया हसून हसून पदर तोंडाला लावून. ढोलवाला जीव तोडून वाजवत होता. बांध आला की धोंडू डोळे मिटून आईचं जॅकेट धरायचा. देवळाच्या दारात पोचलो तेव्हा बोटीच्या बाजूचा भगवा रंग पार खरवडला होता आणि काळकाईच्या समोर झोलाई ‘सनसेट क्वीन’मधून उतरली. दारात काका आणि तात्या दोघंही एकदम म्हणाले, “मागं सरा, मागं सरा,” आणि लोक नेमके कोणासाठी सरले ते कोणालाच कळलं नाही.

भांडण पालखी परत आल्यावर रीतसर गावकीत झालं. काकांचं म्हणणं, आई घाटापासून दारापर्यंत माझ्या बोटीत बसली होती, बूड हाललं नाही. तात्यांचं म्हणणं, बसली कुठं ते सोडा, ओढली कुणी?

“घाटात चिखलात रुतून बसला होतास की रं! आई काय खेकडे धरायला आली व्हती?”

“तुझा टेम्पो काय पाण्यावर चालतो?”

“तुझी बोट तर जमिनीवर चालली. कुणामुळं?”

धोंडूनं कौल लावायची तयारी केली. पण गावकीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की एवढं यंत्र आणलंय तर त्याचा उपयोग व्हावा. रडाराच्या पडद्यात बोट कुठून कुठं गेली त्याची रेघ आपोआप साठते, हे मीच कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. इंजिनानं आई किती मीटर नेली, टेम्पोनं किती, मोजायचं. ज्याचे मीटर जास्त त्याचा मान, कायमचा. दोघांनी आईच्या पायरीला हात लावून मान्य केलं. काका माझ्याकडे बघून गालात हसले. नदी केवढी मोठी! तात्यांनी तंबाखू काढली, पण मळली नाही.

मी पडदा देवळात आणला. रेघ तीन वेळा मोजली आणि उभी राहून वाचून दाखवली.

येसाजीकाका, इंजिनावर: दोनशे शहाऐंशी मीटर.

रावजीतात्या, चिखलात एकतीस आणि शेतात दोनशे चौपन्न: दोनशे पंच्याऐंशी मीटर.

यंत्राची चूक: अधिक-उणे तीन मीटर.